योम किप्पुर : 'प्रायश्चित्त दिन' चालेल का?

कासराभर : अनुवादात ज्यूंच्या 'योम किप्पुर' या सणासाठी 'प्रायश्चित्त दिन' लिहिलं. संपादकबाईंनी काट मारली. म्हणे, प्रायश्चित्त घ्यायचं असतं, त्याचा दिवस नसतो. 'क्षमायाचना दिन' फारच सरकारी वाटतंय. काय लिहू?

तळटीप : बाईंचं बरोबर आहे. आपल्याकडे जसं पाप तसं प्रायश्चित्त: कृच्छ्र, चांद्रायण वगैरे. तिकडे तिश्री या ज्यू महिन्याच्या १० तारखेला सगळ्यांचं एकदमच. तेही देवाशी असलेल्या हिशोबापुरतं. माणसाला दुखावलं असेल तर आधी त्याची समजूत काढा, असं मिश्ना या ज्यू धर्मग्रंथात साफ म्हटलंय.

उंबरठा : मग जैनांसारखा 'क्षमापना दिन' करा की.

तळटीप : नको, वाचक मिच्छामि दुक्कडम् म्हणून मोकळा होईल.

माजघर : संस्कृत कशाला उकरताय? कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी ज्यू, याला 'दारफळणीचा सण' म्हणत आलेत. अलिबागला आमच्या शेजारी शनवार तेल्यांचं, म्हणजे बेने इस्रायलांचंच, घर होतं. आजी सांगायची, त्या दिवशी दार लावून घेत, पांढरे कपडे घालत, परक्याला शिवत नसत. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण': दानधर्म, भेटीगाठी.

कासराभर : छान आहे, पण बातमीच्या लेखात तळटीप लागेल. आणि 'उपवास' लिहिलं तर लोक साबुदाणा भिजत घालतील.

तळटीप : 'निर्जळी' लिहा. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत, पंचवीसेक तास. अंघोळ नाही, कातडी पायताण नाही.

उंबरठा : फळणी म्हणजे फाळणी का?

माजघर : फळी हो! जुन्या दुकानांना लावायचे ती.

उंबरठा : मग 'फळीचा सण' म्हटलं असतं. 'णी' कुठून आली?

तळटीप : मला तर हे सरळ भाषांतर वाटतं. त्या दिवशीच्या शेवटच्या प्रार्थनेचं नाव 'नेइला', म्हणजे बंद करणं. स्वर्गाची दारं मिटायच्या आत काय मागायचं ते मागून घ्या.

माजघर : त्यांना तेव्हा हिब्रू प्रार्थना येत होत्या कुठे? 'श्मा' ही एक प्रार्थना तेवढी पाठ. बाकीचं कोचीनच्या शिक्षकांनी येऊन शिकवलं. हे घराचंच दार. प्रत्येक मराठी शब्दाला परदेशी बाप शोधायची खोड आहे तुम्हाला.

तळटीप : आणि तुम्हाला प्रत्येक शब्द अलिबागचा वाटतो.

कासराभर : मंडळी, उद्या दुपारी मजकूर द्यायचाय.

उंबरठा : द्या हो, 'योम किप्पुर'च ठेवा. मला सांगा, शिळासप्तमीला आदल्या दिवशीचं खातात म्हणून ती शिळी. इथे आदल्या दिवशी चूलच बंद, मग सण शिळा कसा?