‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’

(वर्तकनगर, ठाणे. सोसायटीचा ग्रुप, सोमवार)

वंदना ए-१०४, ९:१२
*फॉरवर्ड केलेला मेसेज*
प्रिय ग्राहक, आपले रेशनकार्ड आज रात्री बंद होणार आहे. ई-केवायसीसाठी खालील फाईल त्वरित उघडा.
हे खरं आहे का हो? आमच्या पोळ्यांच्या मावशींना आलंय. सकाळपासून हात चालत नाहीयेत त्यांचे.

नीलेश बी-४०२, ९:१४
वहिनी उघडू नका!! आधी इथून डिलीट करा, ‘सर्वांसाठी’. फाईलच्या नावाशेवटी एपीके आहे, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसतं. सरकार व्हॉट्सॲपवर ॲप पाठवत नसतं.

वंदना ए-१०४, ९:१७
केलं डिलीट. पण मावशींच्या मुलाने रात्रीच उघडली म्हणे. काही झालं नाही, नुसतं गोल गोल फिरत राहिलं.

नीलेश बी-४०२, ९:१९
तेच तर. ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. दिली की बँकेचा ओटीपी परस्पर त्यांच्याकडे. त्याला सांगा, आधी डेटा नि वायफाय बंद कर, ॲप काढून टाक, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळव. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन.

वंदना ए-१०४, ९:२०
अगं बाई, मावशींचे लाडकी बहीणचे १५०० त्याच खात्यात येतात. थांबा, आत्ताच फोन लावायला सांगते.

सेक्रेटरी, ९:३१
उद्या सकाळी ९ ते परवा सकाळी ९ पाणी बंद. टाक्या भरून ठेवाव्यात. गाड्या धुऊ नयेत (सी विंग).

प्रशांत सी-७०१, ९:३८
पाण्याचं बघा आधी. रेशन घेतं कोण आपल्या सोसायटीत?

रेखा बी-००३, ९:५२
आम्ही घेतो.

प्रशांत सी-७०१, ९:५३
सॉरी ताई. तसं म्हणायचं नव्हतं.

रेखा बी-००३, ९:५८
असू दे. विषय निघालाच आहे तर विचारते. केशरी कार्ड आहे, सासूबाईंच्या नावावर. सासूबाई, मी, दोघी मुली. दोन महिने झाले, सासूबाई दुकानात जातात, तो त्यांचा अंगठा चार-चारदा मशीनवर ठेवायला लावतो नि म्हणतो, “ठसा लागत नाही आजी, सर्व्हर डाउन आहे, उद्या या.” उद्या गेलं की माल संपलेला. भांडी घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषा गेल्यात हे खरंय, म्हणून आम्हीही गप्प बसलो.

कुलकर्णी काका ए-२०३, १०:०६
रेखा, कार्डावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का आहे ना? आणि १२ आकडी नंबर आहे का कुठे?

रेखा बी-००३, १०:०८
शिक्का आहे काका. नंबरही आहे.

कुलकर्णी काका ए-२०३, १०:१५
महाईपॉसच्या संकेतस्थळावर जा, दुकानातल्या मशीनच्या नोंदी तिथे असतात. तिथे आरसी (रेशनकार्ड) डिटेल्समध्ये महिना निवड नि तो नंबर टाक. कुठल्या तारखेला किती धान्य उचललं ते दिसतं. बघ आणि सांग.

रेखा बी-००३, १०:४१
काका, दोन्ही महिन्यांचं धान्य उचललेलं दाखवतंय. २०-२० किलो. एक तारीख मला पक्की आठवते, धाकटीचा वाढदिवस होता. त्याच दिवशी सासूबाई रिकाम्या पिशव्या घेऊन परत आल्या होत्या.

वंदना ए-१०४, १०:४३
बाई गं!

कुलकर्णी काका ए-२०३, ११:१०
मी रेशनिंग ऑफिसात २८ वर्षं काढली. आमच्या वेळी चोरी करायला खोटं कार्ड बनवावं लागायचं, पेनाने नोंदी खाडाखोड कराव्या लागायच्या. पकडलं की कागद हातात असायचा. आता कार्ड कपाटात राहिलं तरी अडत नाही, चोराला फक्त ठसा लागतो आणि तो आपण स्वतः जाऊन देतो. ठसा लागला की नाही हे मशीनच्या पडद्यावर येतं, पण पडदा दुकानदाराच्या बाजूला. म्हणून आजींना एकटं पाठवू नकोस. पडदा आपल्याकडे वळवायला सांग आणि पावती घेतल्याशिवाय हलू नकोस. माणशी ५ किलो, म्हणजे तुमचे २०. जानेवारी २०२३ पासून एक रुपयाही द्यायचा नाही. तक्रार १९६७ वर कर किंवा १८००-२२-४९५० वर, आणि रेशनिंग ऑफिसात लेखी दे. त्या दोन तारखा लिही. स्क्रीनशॉट जोड.

नीलेश बी-४०२, ११:१६
सगळ्यांनी आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक, म्हणजे ठसे वगैरे, लॉक करून टाका ना. विषय संपला.

रेखा बी-००३, ११:१८
मग रेशन कसं मिळणार?

कुलकर्णी काका ए-२०३, ११:२४
तेच. लॉक असेल तर दुकानातही अंगठा चालत नाही. तात्पुरतं उघडलं तर १० मिनिटं मिळतात, म्हणून रांगेत नंबर आल्यावरच उघडायचं. मोबाईल आधारला जोडलेला नसेल तर हे काहीच जमत नाही. पण लॉक वाईट नाही हं. अंगठ्यावर बँकेतले पैसेही निघतात.

प्रशांत सी-७०१, ११:३०
रेखाताई, तक्रारीचा अर्ज मी टाइप करून देतो. संध्याकाळी घरी आहे.

वंदना ए-१०४, १२:०५
मावशींचे पैसे शाबूत! बँकेने खातं तात्पुरतं थांबवलंय. मुलाला चांगला दम दिलाय.

(बुधवार)

रेखा बी-००३, १८:४०
आज मी आणि सासूबाई दोघी गेलो. पडदा वळवायला सांगितला. सासूबाईंचा ठसा पहिल्याच फटक्यात लागला!! पावती मागितली तर म्हणतो रोल संपलाय. म्हटलं, मग पिशवी भरू नका, आम्ही इथेच बसतो रोल येईपर्यंत. खणातून निघाला रोल.

वंदना ए-१०४, १८:४१
👏👏👏

कुलकर्णी काका ए-२०३, १८:४४
पावतीवर किलो किती?

रेखा बी-००३, १८:४७
१५. मोठीचं ई-केवायसी राहिलंय म्हणाला. ती पुण्याला हॉस्टेलवर असते, आता दिवाळीलाच येईल. तो म्हणतो २०० द्या, मी करून देतो.

कुलकर्णी काका ए-२०३, १८:५२
दमडी देऊ नकोस. तिच्याशिवाय तो काय करून देणार? तिला म्हणावं, पुण्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात जा, आधार नंबर सांग, मशीनवर अंगठा ठेव, फुकट होतं. आणि ते २०० मागितल्याचंही प्रशांतला अर्जात घालायला सांग.

प्रशांत सी-७०१, १८:५५
घातलं. उद्या १० वाजता मी गाडी काढतो, रेशनिंग ऑफिसला जाऊ. आजींनाही घ्या, सही त्यांचीच लागेल.