खानदेशच्या उन्हाळ्यात ॲक्सोलॉटल पाळता येईल का?

प्रश्न (भुसावळ) :
माझी मुलगी नववीत आहे आणि गेले वर्षभर ती ॲक्सोलॉटलचा, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या, सरड्यासारख्या दिसणाऱ्या एका उभयचर प्राण्याचा, ध्यास घेऊन बसली आहे. तीन फूट लांबीची काचेची टाकी आमच्याकडे आधीपासून आहे. या प्राण्याला १६ ते १८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते आणि २४ अंशांच्या वर त्याची प्रकृती बिघडू लागते, असे वाचनात आले. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. टाकीवर पंखा लावून आणि बर्फाच्या बाटल्या सोडून भागेल का? हा प्राणी दहा-पंधरा वर्षे जगतो, त्यामुळे एका हिवाळ्याच्या हौसेपोटी त्याला घरी आणण्याची माझी तयारी नाही.

उत्तर (जळगाव) :
भागणार नाही, असे मी अनुभवाने सांगतो. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे माठातल्याप्रमाणे बाष्पीभवनाने पाणी गार होते खरे. परंतु माझ्या टाकीत पंख्याने तीन-चार अंशांचाच फरक पडला, आणि जूनमध्ये हवा दमट होताच तोही उरला नाही. बर्फाने तापमान झपाट्याने उतरते व पुन्हा चढते, हा चढउतार प्राण्याला फार जाचतो. शेवटी मी चिलर, म्हणजे टाकीतले पाणी गार करणारे यंत्र, घेतला. चिलर पाण्यातली उष्णता खोलीत सोडतो, म्हणून तो बंद खोलीत ठेवू नका. गेल्या वैशाखात सलग पाच तास वीज नव्हती, तेव्हा पाणी २७ अंशांवर गेले. माझ्या ॲक्सोलॉटलचे कल्ले पुढे वळले आणि दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नाही. त्या दोन दिवसांत मला झोप लागली नाही. तेव्हापासून चिलर आणि फिल्टर दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पाणी उडून जाते, पण त्यातले क्षार टाकीतच राहतात. त्यामुळे कमी झालेले पाणी बोअरच्या जड पाण्याने भरत राहिल्यास क्षार वाढत जातात. तेवढी भर आरओच्या पाण्याने घालावी.

उत्तर (धुळे) :
वरील मताशी मी सहमत आहे. खाद्यासाठी गांडुळे उत्तम. मात्र गांडूळखताच्या वाफ्यातली लहान लाल गांडुळे कडवट स्राव सोडतात आणि अनेक ॲक्सोलॉटल ती थुंकून टाकतात, तर फवारणी झालेल्या केळीच्या किंवा कपाशीच्या शेतातली गांडुळे मुळीच देऊ नयेत. तळाशी खडे नकोत, कारण तो तोंडाने पाणी ओढून भक्ष्य गिळतो आणि खडा आत गेला तर आतड्यात अडकतो.

कायद्याची बाजूही पाहावी. मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्को सरोवरातला हा उभयचर निसर्गात अतिसंकटग्रस्त असून संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी आवश्यक झाली आहे. कागदपत्रे न देणाऱ्या विक्रेत्याकडून तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नकर्ता (भुसावळ) :
दोघांचेही मनापासून आभार. चिलर आधी घेऊन टाकी येत्या उन्हाळ्यात प्राण्याविना चालवावी, असे आम्ही ठरवले आहे. तापमान रोज दुपारी तीन वाजता वहीत टिपण्याचे काम मुलीने स्वतःकडे घेतले आहे. संपूर्ण मे महिना पाणी २० अंशांच्या आत राहिले, तरच पुढचे पाऊल टाकू.