खर्च निकालानंतरही थांबत नाही
“अन्याय झाला तर सरकारविरुद्ध दावा लावा” हे नेहमी ऐकू येणारे मत तत्त्वतः मान्य आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 नुसार दाव्याआधी सरकारला द्यावी लागणारी दोन महिन्यांची नोटीस एकवेळ सोसता येते. पण तलावात जमीन गेलेला धाराशिव जिल्ह्यातल्या भूमचा शेतकरी वाढीव मोबदल्याचा निवाडा जिंकला, की शासन उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात अपील करते, शासनाचा वकील सरकारी तिजोरीतून उभा राहतो आणि शेतकऱ्याला मात्र नवा वकील, नकला, एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी हे सारे उसनवारीवर भागवावे लागते. शासनाने जमा केलेली रक्कम उचलायलाही अनेकदा जामीनदार किंवा बँक हमी लागते. जमीनच गेलेल्या माणसाने ही हमी कशी द्यावी? महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, एवढे तरी गावोगाव सांगितले गेलेच पाहिजे.