मिस्टरांना आयसीयूत भास होतायत, हात बांधलेत. नाशिकहून मुंबईला हलवू का? तातडीने सांगा

गोदाकाठ
नमस्कार. मिस्टर आयसीयूत आहेत. व्हेंटिलेटर निघाला, सगळे म्हणाले धोका टळला, आणि आता हे नवीनच सुरू झालंय. छतावर मुंग्या दिसतात म्हणतात. मला ओळखतात, पण 'तूही यांना सामील आहेस' म्हणतात. रात्री नाकातली नळी ओढून काढली म्हणून दोन्ही हात कॉटला बांधलेत, मनगटं लाल झालीत. ज्या माणसाने कधी आवाज चढवला नाही तो मला 'निघून जा' म्हणाला. डॉक्टर म्हणतात होतं असं. दीर म्हणतात मुंबईला हलवू. सहाला डॉक्टर भेटतील, त्याआधी ठरवायचंय. मुंबईत मेंदूचे चांगले डॉक्टर कोण? अ‍ॅम्ब्युलन्स कशी करायची? प्लीज लवकर.

सातपूरकर
हलवाच. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्ही इथेच थांबलो, फार वेळ गेला. डॉक्टर सोबत असलेली कार्डिअ‍ॅक अ‍ॅम्ब्युलन्स घ्या. आता इगतपुरीहून समृद्धी धरली की थेट आमणे, कसारा घाट लागतच नाही.

द्राक्षबाग
आमण्याच्या पुढे भिवंडीत अडकलात की काय करणार? ऑक्सिजनवरचा पेशंट असेल तर रस्ता कितीही चांगला असो, मी नाही हलवणार.

सातपूरकर
तुम्ही कधी गेलाय का समृद्धीने? जून २०२५ पासून इगतपुरी-आमणे सुरू आहे.

रात्रपाळी
रस्त्याचं नंतर. ताई, मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. आजार काय ते तुम्ही लिहिलंच नाही. वय? ताप आहे का? ऑक्सिजन चालू आहे का? चष्मा, कानाचं मशीन वापरतात का? दारू? आणि घरी रोज कोणत्या गोळ्या चालू होत्या? सगळ्या सांगा.

निळी_छत्री
खर्चाचं बघा आधी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतात. हॉस्पिटल योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड, आधार घेऊन जा. हेल्पलाइन १५५३८८.

गोदाकाठ
खर्चाचं मी विचारलं नाहीये हो, मेडिक्लेम आहे. न्यूमोनिया. वय ६६. ताप उतरलाय, मास्क चालू आहे. दारूला आयुष्यात हात लावला नाही. चष्मा आणि कानाचं मशीन अ‍ॅडमिट करताना पिशवीत घालून माझ्या हातात दिलं, ते घरी आहे. गोळ्या बीपीच्या, त्या इथे देतायत. झोपेची एक रात्री घ्यायचे, ती काय औषधात धरायची?

रात्रपाळी
झोपेची कोणती? किती वर्षं? स्ट्रिप शोधा.

पंचवटीकर
ताई, हे डॉक्टरांच्या हातचं नाही. कपालेश्वराचं तीर्थ आणून दोन चमचे पाजा आणि दृष्ट काढा. आमच्या काकांना उतार पडला होता.

रात्रपाळी
पंचवटीकर, श्रद्धा ठेवा, पण तोंडाने थेंबभरही देऊ नका. व्हेंटिलेटर निघाल्यावर गिळणं कमकुवत असतं. पाणी फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया पुन्हा उलटेल.

पंचवटीकर
बरं, मग कपाळाला लावा.

गोदाकाठ
मुलाने स्ट्रिप शोधून फोटो पाठवला. अल्प्राझोलाम. भाऊजी वारले तेव्हापासून घेतात, खूप वर्षं झाली. इथे कोणी विचारलं नाही, मीही बोलले नाही, झोपेचीच तर गोळी.

रात्रपाळी
ताई, सहाची वाट बघू नका. आत्ता ड्यूटीवरच्या डॉक्टरांना गाठा आणि स्ट्रिपचा फोटो दाखवा. ही गोळी वर्षानुवर्षं घेऊन अचानक थांबली तर भास होतात, हात थरथरतात, झटकेही येऊ शकतात. स्वतःहून मात्र देऊ नका. जास्त झाली तर श्वास मंदावतो, मास्कवरच्या माणसाला ते धोक्याचं. किती द्यायची, कशी द्यायची, ते डॉक्टर ठरवतील.

पण सगळं त्या गोळीवर ढकलू नका. आयसीयूत गंभीर पेशंटला असा भ्रम पुष्कळदा होतो, त्याला डिलिरियम म्हणतात. इन्फेक्शन, ऑक्सिजन, सोडियम, साखर, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, दुखणं, कशानेही. दिवसा बरे, रात्री बिथरलेले, असं चालतं. बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं, वय झालेल्यांना जास्त वेळ लागू शकतो. हे तपासलं का, एवढं विचारा. 'जाईल आपोआप' एवढ्यावर उठून येऊ नका.

चष्मा आणि कानाचं मशीन आजच न्या, नवी बॅटरी घालून. ज्याला ऐकू येत नाही, नीट दिसत नाही, त्याला सिस्टरांची कुजबुज कटच वाटणार! समोर बसा. 'मुंग्या नाहीत' असा वाद घालू नका, पण 'हो हो, आहेत' असंही म्हणू नका. तुम्ही कोण, हे नाशिक आहे, आज वार कोणता, न्यूमोनिया झाला होता, आता उतरतोय, हे शांतपणे पुन्हा पुन्हा सांगा. दिवसा पडदे उघडायला सांगा, रात्री दिवे मंद.

हात बांधल्याने माणूस आणखी बिथरतो. घरचं कोणी शेजारी बसलं असताना सोडता येतील का, जाड हातमोजे चालतील का, विचारा. आणि 'निघून जा' हे ते बोलत नाहीत, आजार बोलतोय. नवी जागा, नवी माणसं यांनी भ्रम वाढतो, म्हणून भ्रमासाठीच मुंबई गाठू नका. इथे उपचार होत नसतील तर वेगळी गोष्ट.

सातपूरकर
सेकंड ओपिनियन तरी घ्या.

द्राक्षबाग
त्यासाठी पेशंट कशाला हलवायचा? फाईलची कॉपी मागा, मुलगा रिपोर्ट घेऊन मुंबईला जाईल.

गोदाकाठ
भेटले. स्ट्रिप बघून डॉक्टरांनी लगेच फिजिशियनला फोन केला, रक्त पाठवलंय. सोडियम कमी आहे म्हणाले. गोळीचं आज ठरवतील, हलवायचं थांबवलंय. मशीन कानात घातल्यावर 'चहा झाला का तुझा' एवढं विचारलं, मग परत मुंग्या. मी असेपर्यंत उजवा हात सोडला. रात्री मात्र आत एकाच नातेवाइकाला बसू देतात, आणि मला पाठीचं दुखणं आहे. मुलाला बसवलं तर चालेल ना?

रात्रपाळी
चालेल, फक्त त्यांना आधी सांगून जा की आता मुलगा बसणार आहे. मोबाइल सायलेंट. थरथर वाढली किंवा झटका आला तर त्याने त्याच क्षणी सिस्टरांना हाक मारावी. तुम्ही घरी जाऊन झोपा, सकाळच्या राउंडला तुम्ही हव्यात.

निळी_छत्री
मेडिक्लेमवाल्यांना वाढीव मंजुरीचं पत्र पाठवलं का? मंजूर रक्कम संपायच्या आत हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कला (मेडिक्लेमचं काम बघतात तिथे) विचारा.