‘फ्री सॉफ्टवेअर’ : मुक्त, मोफत की स्वतंत्र?

प्रश्न
कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत गेटवर हजेरीचं यंत्र बसवायचं आहे. करार मराठीतच करायचा असं ठरलंय आणि मसुदा माझ्याकडे आलाय. यंत्रात लिनक्स ही ‘फ्री सॉफ्टवेअर’ म्हणवली जाणारी संगणकप्रणाली आहे. विक्रेत्याने पाठवलेल्या कच्च्या मसुद्यात असं वाक्य आहे : ‘यंत्रातील मोफत सॉफ्टवेअरचा वापरपरवाना विक्रेत्याकडे राहील.’ यातलं ‘मोफत’ खटकतंय. ‘मुक्त’ लिहू की ‘स्वतंत्र’?

उत्तर १
‘मोफत’ काढाच. ‘फ्री सॉफ्टवेअर’ चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प, म्हणजे अशी फ्री संगणकप्रणाली उभारायचा प्रकल्प, जाहीर केला. यातला ‘फ्री’ पैशांबद्दलचा नाही, हे ते पुढे वर्षानुवर्षं सांगत आले. मराठीत दोन अर्थांना दोन शब्द आहेत, तर ते नीट वापरूया. मुक्त सॉफ्टवेअर विकायला बंदी नाही. विक्रेत्याने पैसे घेतले तरी बिघडत नाही. पैसे दिल्यावर हातात काय येतं ते महत्त्वाचं : हव्या त्या कामाला वापरणं, आत काय आहे ते बघून बदलणं, प्रती इतरांना देणं आणि बदललेल्या प्रतीही देणं.

‘स्वतंत्र’ कानाला छान लागतो, पण मराठीत तो लगेच ‘वेगळा’ होतो : स्वतंत्र खोली, स्वतंत्र अर्ज. शिवाय स्वतंत्र नाटक म्हणजे जे रूपांतर नाही ते. इथे तर रूपांतर करता येणं हाच हक्क आहे! म्हणून तो नको.

‘मुक्त’ घ्या, फक्त त्याची जागा सांभाळा. आधी आला की मोकळेपणा : मुक्तछंद, मुक्त विद्यापीठ. मागे लागला की सुटका : तंटामुक्त, हागणदारीमुक्त. ‘मुक्तस्रोत’ चालेल, ‘स्रोतमुक्त’ म्हणजे सोर्सच (प्रोग्रॅमचा माणसाने लिहिलेला मूळ मजकूर) नसलेलं.

उत्तर २
‘मुक्त’ला अनुमोदन. पण माझ्या मते त्या वाक्यातला जास्त घातक शब्द ‘वापरपरवाना’ आहे. लिनक्सचा गाभा जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो, ती १९९१ ची. त्यात स्पष्ट म्हटलंय की प्रोग्रॅम नुसता चालवण्यावर बंधन नाही. अटी लागू होतात त्या प्रती काढणं, बदल करणं आणि वाटणं यांना. म्हणजे जीपीएल हा वापराचा परवाना नव्हेच. आणि तो विक्रेत्याकडे ‘राहत’ही नाही : ज्याच्या हाती प्रत येते त्याला मूळ लेखकांकडून परवाना आपोआप मिळतो. परवाना म्हटलं की आपल्याला आरटीओ आठवतं, कोणीतरी वरून देणार आणि काढूनही घेणार. ती छाया या वाक्यात येऊ देऊ नका.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. मग सोर्स कोड आम्हाला मिळायलाच हवा का? आणि त्याला ‘स्रोत-संहिता’ म्हणू का? कमिटीत बहुतेक निवृत्त मंडळी आहेत.

उत्तर २
जीपीएलखालच्या भागांचा, हो. एक तर यंत्रासोबत द्यायचा, नाहीतर किमान तीन वर्षं वैध असेल असं लेखी आश्वासन द्यायचं की मागेल त्याला, प्रत देण्याच्या खर्चापुरते पैसे घेऊन, तो देऊ. विक्रेत्याचा स्वतःचा हजेरीचा प्रोग्रॅम पूर्ण वेगळा असेल तर त्याला हे लागू नाही. तिथला सोर्स हवा असेल तर करारात वेगळं कलम घाला.

‘सोर्स कोड’च लिहा. निवृत्त मंडळींनाही तो ‘संहिते’पेक्षा लवकर कळेल. पण तेवढ्यावर थांबू नका. जीपीएलमध्ये सोर्सची व्याख्याच आहे : बदल करायला जे रूप सोयीचं ते, आणि सोबत प्रोग्रॅम कंपाइल करून (सोर्सचं यंत्राला चालवता येईल असं रूप करून) बसवण्याच्या स्क्रिप्ट, म्हणजे त्या कामाच्या आज्ञांच्या फाइली. त्या नसतील तर दुसऱ्या कारागिराला ते यंत्र दुरुस्त करता येणार नाही. माझ्या माहितीतल्या एका कार्यालयाला नुसती फाइलींची झिप मिळाली होती. तिच्यातून काहीही उभं राहिलं नाही.

उत्तर १
असं लिहून बघा : ‘यंत्रातील मुक्त सॉफ्टवेअर त्या त्या परवान्यानुसार सोसायटीला मिळेल. ज्या भागांचा परवाना तशी अट घालतो, त्यांचा संपूर्ण सोर्स कोड, कंपाइल करून बसवण्याच्या स्क्रिप्टसह, विक्रेता यंत्रासोबतच देईल.’ ‘त्या त्या’ गाळू नका. एकाच यंत्रात जीपीएल, एमआयटी, बीएसडी असे वेगवेगळे परवाने असतात आणि शेवटच्या दोघांत सोर्स देण्याची सक्ती नाही.