अलैंगिकता आणि घरच्यांचे गैरसमज

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): आपल्याला कोणाहीविषयी लैंगिक आकर्षण वाटत नाही, असे धाकट्या बहिणीने सांगितल्यापासून, गणपती पेठेतील स्टुडिओत काढलेले तिचे स्थळांसाठीचे फोटो कपाटात पडून आहेत. आई हार्मोनच्या तपासण्यांचा आग्रह धरते, तर आत्या "लग्न झाले की सगळे मार्गी लागते" असे म्हणतात. यात तथ्य किती?

उत्तर १: आत्याबाईंचा सल्ला सर्वांत घातक आहे, कारण त्यात तिच्याबरोबर एका अनोळखी मुलाचेही आयुष्य पणाला लागते. अलैंगिकता, म्हणजे कोणाहीविषयी लैंगिक आकर्षण न वाटणे, हा आजार नव्हे. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेतही स्वतःला अलैंगिक मानणाऱ्या व्यक्तीची अनिच्छा विकारात मोजू नये, असे नमूद आहे. पूर्वी असलेली इच्छा अचानक गेली, किंवा पाळी बिघडली, तर डॉक्टरांना जरूर दाखवावे, पण ती वेगळी बाब झाली.

उत्तर २: ब्रह्मचर्याशीही अलैंगिकतेची गल्लत होते. ब्रह्मचर्य हा निश्चय असतो. येथे मुळात आकर्षणच नसते. तरीही अनेक अलैंगिक व्यक्ती मनापासून प्रेम करतात, काही संसारही करतात.

उत्तर ३: कॅनडातील मानसशास्त्रज्ञ अँथनी बोगार्ट यांच्या २००४ च्या अभ्यासात, ब्रिटनमधील १८,००० हून अधिक लोकांपैकी सुमारे १ टक्का लोकांनी लैंगिक आकर्षण कधीच न वाटल्याचे सांगितले होते. तेव्हा आपली बहीण एकटी नाही, हे आईंना अवश्य सांगा, आणि पुढचे स्थळ आणण्यापूर्वी तिचे मत विचारा.