पुण्यात राहून आइस हॉकी: १० वर्षांच्या मुलीची तयारी कुठून सुरू करायची?

कर्वेनगर_पालक

मुलगी १० वर्षांची, उंची १३८ सें.मी., वजन ३२ किलो. दोन वर्षं क्लासला क्वाड स्केट्सवर (दोन चाकं पुढे, दोन मागे) जाते. क्रॉसओव्हर (वळताना पायावरून पाय टाकणं) जमतो, उलटं जाणंही बऱ्यापैकी. २०२५ च्या आशिया कपमध्ये आपल्या महिला संघाला ब्राँझ मिळाल्यापासून घरात एकच घोषा, आइस हॉकी! क्लासचे सर म्हणतात, "रोलर हॉकी लावा, एकच ते." खरंच एकच आहे का? सामान काय घ्यायचं, आणि बर्फावर कधी न्यायचं?

चाकं_आणि_चिखल

एकच नाही. क्वाडवरच्या रोलर हॉकीत बॉल असतो, आणि स्टिक आखूड, दोन्ही बाजूंनी सपाट पात्याची. तुम्हाला हवी ती इनलाइन हॉकी: एका रेषेत चार चाकं, लांब स्टिक आणि पक (बॉलऐवजी चपटी चकती). खेळाडू चार अधिक गोलकीपर, बर्फावर पाच अधिक गोलकीपर. क्वाडवर शरीर कललं तरी चाकं जमिनीला सपाट राहतात, त्यामुळे एजची, म्हणजे कडेवर तोल धरायची, सवय लागत नाही. बर्फावर सगळा खेळ एजचा. तेव्हा सरांना आधी विचारा की ते नक्की कोणती हॉकी शिकवतात.

स्केट घेताना नेहमीच्या बुटापेक्षा साधारण एक नंबर लहान बसतो. लेस न बांधता पाय पुढे सरकवून बोटं टोकाला टेकवायची. टाचेमागे एक बोट जेमतेम शिरलं तर ठीक. "वाढत्या पायाला होईल" म्हणून दोन नंबर मोठा घेतला की टाच आत उचलली जाते आणि घोटे आतल्या बाजूला पडतात. मग कोच वर्षभर "घोटे सरळ" म्हणून ओरडतो, दोष असतो बुटाचा. पायमोजा एकच आणि पातळ.

हॉकीच्या बऱ्याच फ्रेममध्ये (बुटाखालची चाकं बसवायची पट्टी) पुढची दोन चाकं लहान आणि मागची दोन मोठी असतात, उदा. ७२ आणि ७६ मि.मी. आपल्याकडचे रिंक बहुतेक सिमेंटचे किंवा कोटा फरशीचे, तिथे ८२ए ते ८४ए कडकपणाची चाकं टिकतात. ७४ए-७६ए ही इनडोअर टाइलसाठी. सिमेंटवर ती खोडरबरासारखी झिजतात. आतली कड आधी झिजते, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी चाकं उलटी करून अदलाबदल करा. पण पुढचं पुढच्याशी आणि मागचं मागच्याशीच, नाहीतर मापं बिघडतात.

बेअरिंग ६०८ नंबरचं, जोडीला १६ लागतात. पावसाळ्यात ओल्या पार्किंगमध्ये एकदा फिरवलं आणि तसंच पिशवीत ठेवलं की गंज आलाच. काढून, पुसून, वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. नुसता डब्ल्यूडी-४० मारू नका, तो आतलं वंगण धुऊन नेतो. खोबरेल तेल तर मुळीच नको, डिसेंबरच्या सकाळी ते थिजतं.

डांगलेबोर्ड

स्टिकबद्दल. स्केट घालून उभं राहिल्यावर हनुवटीपर्यंत, अनवाणी असताना साधारण नाकापर्यंत. फ्लेक्सचा (स्टिक किती कडक, त्याचा आकडा) ढोबळ हिशेब म्हणजे पौंडातल्या वजनाच्या निम्मा: ३२ किलो म्हणजे ७० पौंड, तेव्हा ३५ च्या आसपास. दुकानदार ५० ची देऊन "कापून देतो" म्हणेल. कापली की ती आणखी कडक होते, मुलीला वाकवताच येणार नाही आणि शॉटमध्ये नुसती मनगटं दुखतील. लांबी आणि फ्लेक्स दोन्ही जुळणारीच घ्या.

आणि उजवी-डावी विचारून घ्या. उजव्या हाताने लिहिणाऱ्या पुष्कळ मुलांना डावी स्टिक (डावा हात खाली धरायची) सोयीची पडते, कारण जोरकस हात वर, टोकाशी राहतो. दोन्ही हातात देऊन बघा.

खरखरीत सिमेंटवर पक उड्या मारतो आणि कडेवर उभा राहून घरंगळत जातो. तिथे न उसळणारा हॉकीचा बॉल वापरा. पक घरी: प्लायवाल्याकडून १२ मि.मी. प्लाय आणि वर गुळगुळीत सनमायका चिकटवून घ्या, ८ बाय ४ फूट. त्यावर सिलिकॉन स्प्रेचा हलका हात. बर्फाच्या पकचं वजन १५६ ते १७० ग्रॅम, इनलाइनचा बराच हलका. रोज दहा मिनिटं खऱ्या वजनाचा पक या फळीवर फिरवू द्या, नाहीतर बर्फावर मनगटं लगेच थकतात. शॉटचा सराव भिंतीवर नको, मागे जाड चादर टांगा. सोसायटीची कमिटी चादरीला हरकत घेत नाही, आवाजाला घेते.

कर्वेनगर_पालक

सनमायकाची कल्पना लगेच करता येण्यासारखी आहे. हेल्मेट-पॅडचं काय? आणि बर्फ?

हिमरेघ

हेल्मेट पूर्ण जाळीचं. शिवाय शिन गार्ड, एल्बो पॅड, ग्लोव्हज, माउथगार्ड आणि मुलींसाठी पेल्व्हिक गार्ड (ओटीपोटाखालचं पॅड). हे सगळं इनलाइनला आणि बर्फाला दोन्हीकडे चालतं. बर्फासाठी वेगळं लागतं ते जाड हॉकी पँट, शोल्डर पॅड आणि नेक गार्ड. नेक गार्ड टाळू नका. ब्लेड गळ्याला लागण्याचा धोका चाकांच्या खेळात नसतो, म्हणून इनलाइनवाल्यांच्या यादीत तो नसतो.

डेहराडूनला हिमाद्री हा पूर्ण मापाचा बंदिस्त रिंक आहे, २०११ चा, मध्ये बरीच वर्षं बंद होता, २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. गुरुग्रामच्या मॉलमधला रिंक लहान, पण एज शिकायला पुरतो. कुठेही जाण्याआधी फोन करून वेळा आणि हॉकीला परवानगी आहे का ते विचारा. मॉलमध्ये सार्वजनिक वेळेत स्टिक चालत नाही. लेहला नैसर्गिक बर्फाचा हंगाम डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीची सुरुवात. उंची ३,५०० मीटर, पुणे ५६०. पहिले दोन दिवस स्केट पिशवीतच राहू द्या आणि निघण्याआधी मुलांच्या डॉक्टरांशी बोला.

नवे आइस स्केट धार न लावता येतात, हे फार जणांना रिंकवर गेल्यावर कळतं. पात्याच्या मधोमध पन्हळ असते आणि तिच्या दोन कडा म्हणजे एज. हलक्या मुलांना ३/८ ते १/२ इंच त्रिज्येची पन्हळ बरी. खूप कडक बर्फावर ३/८ कडे झुका. हे काम सुरी-कात्रीच्या धारवाल्याचं नाही. तो पातं सपाट घासून देईल आणि एकही एज उरणार नाही. रिंकवर धार लावून घ्या, उतरल्यावर पातं कोरडं पुसा, कापडी कव्हर घाला. प्लॅस्टिकचं कव्हर फक्त चालण्यापुरतं. ते चढवून ठेवलं तर आत पाणी साठून गंजतं.

पहिले सगळे तास पकशिवाय. इनलाइनच्या मुलांचा वेग पहिल्याच दिवशी असतो, थांबणं नसतं. चाक आडवं घसरत नाही, म्हणून ती लांब वळसा घेऊन थांबतात. बर्फावर पातं आडवं करून खरवडायचं असतं. क्रम असा: कठड्याला धरून एका पायाने बर्फ खरवडणं, मग हळू वेगात नांगर-थांबा (बोटं आत, टाचा बाहेर), मग हॉकी स्टॉप (दोन्ही पाती एकदम आडवी करून थांबणं). स्टॉपमध्ये गुडघे वाकलेले, क्षणभर अंग हलकं, कंबर वळवायची आणि मग दाबायचं: पुढच्या पायाची आतली एज, मागच्याची बाहेरची. अंग हलकं न करता वळवलं की पातं रुततं आणि मूल तोंडावर जातं. एक बाजू जमली की तिथेच रमतात. दुसरी बाजू त्याच दिवशी करून घ्या.

पेठेतला_प्रश्न

एवढे मॉल झाले, पुण्यात एक रिंक का होत नाही?

हिमरेघ

पाणी अडवत नाही: ६० बाय ३० मीटरवर ३ सें.मी. बर्फ म्हणजे साधारण ५० हजार लिटर, दहा हजारी पाच टँकर. अडवते ती दमट हवा. बर्फ उणे ५ च्या आसपास ठेवायचा, आणि जुलैत हवेतलं बाष्प त्यावर धुकं होऊन बसतं, थंड छतावरून थेंब पडतात, बर्फावर फोड येतात. कूलिंगचा खर्च आहेच, वर हवा कोरडी करायचा. ज्याला वीजबिल भरायचं त्याला विचारा.

कर्वेनगर_पालक

दिवाळीनंतर डेहराडून धरतो. विमानात स्टिक?

चाकं_आणि_चिखल

केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, चेक-इनला द्या. स्केटही त्याच पिशवीत. स्टिकची लांबी एअरलाइनला आधी कळवा, आणि स्केटचं पातं जुन्या टॉवेलात गुंडाळा, तोच टॉवेल ब्लेड पुसायला होतो.